फुप्फुसांचा नंबर

माझी बायको शेवटचे पाच दिवस आमच्या हातांवर जगली. हातांवर म्हणजे खरंच हातांवर. तिच्या घशात नळी घातली होती आणि नळीला रबराचा एक काळा फुगा जोडला होता. फुगा दाबला की तिची छाती वर यायची, सोडला की खाली बसायची. दाबायचं थांबलं की संपलं. चौदा माणसं आलटूनपालटून दाबत होती, पंधरावा मी. वाट बघत होतो दोन गोष्टींची. धुळ्याला श्वासाचं मशीन होतं, ते रिकामं होण्याची. आणि मुंबईहून तिच्यासाठी नवी फुप्फुसं मिळण्याची.

आज कोणी हे ऐकून हसेल. त्या दिवसांत आमच्यात कोणी हसलं नाही.

मी चौथी पास. उभा जन्म केळीत गेला, पण लोकांच्या. यावलच्या बाजूला घड कापायचे, खांद्यावर घेऊन बांधापर्यंत आणायचे, ट्रकमध्ये केळीची पत्ती अंथरून रचायचे. आमची चौदा-पंधरा जणांची टोळी होती. बायको धुळ्याकडची. लग्नाला तीस वर्षं झाली तरी तिची अहिराणी सुटली नाही. माझ्या आईने त्यावरून तिला फार बोलून घेतलं. ही म्हणायची, "मनी भाषा भाकरले समजस, तेवढं बस शे."

तिला खोकला लागला तो कोरडा. चूल कपाशीच्या पऱ्हाट्यांची, घराला धुराडं नाही, म्हणून आम्ही धुरालाच नावं ठेवली. गावच्या डॉक्टरांनी टीबी धरला. नऊ महिने गोळ्या खाल्ल्या तिने, खोकला जागचा हलला नाही. मग बोटांची टोकं फुगली, नखं गोल झाली. विहिरीवरून एक कळशी आणायची तर वाटेत दोनदा बसायची. मी एकदा चारचौघींत म्हणालो होतो, नाटकं करते. म्हणालो होतो, म्हणून सांगतो.

शेवटी जळगावला नेलं. पिंप्राळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एका छातीच्या डॉक्टरांचा लहान दवाखाना होता, सहा खाटांचा. डॉक्टर वयाने लहान, तिशीचे, पण माणूस सरळ बोलायचा. म्हणजे मला तसं वाटायचं. त्यांनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडाला धरला आणि म्हणाले, "आबा, गिलकं वेलावरच वाळलं की आत नुसती जाळी राहते बघा. तशी झालीत यांची फुप्फुसं. हवा आत जाते, पण रक्तात उतरत नाही."

"मग औषध?"

"सूज उतरायच्या गोळ्या देतो. घरी ऑक्सिजनची टाकी ठेवा."

एसटीत टाकी घेईनात. केळी पोचवून रिकामा परतणारा ट्रक होता, त्यात घालून आणली. घरात कोपऱ्यात उभी केली, तिच्यापेक्षा उंच. बायका बघायला आल्या तर ही नाकाला नळी लावून त्यांना सांगते, "हाई मनी सवत. बरी शे, बोलस नही, जेवस नही." बायका हसल्या. ही पण हसली, आणि मग पाव तास तिला हसण्यात गेलेला दम भरता आला नाही. तेव्हापासून मी लोकांना घरात हसू देईना.

आठ महिने गेले टाकीवर. पुढच्या खेपेला डॉक्टरांना मी स्पष्टच विचारलं, "ही बरी होणार का नाही?"

डॉक्टर बराच वेळ कागदावर लिहीत बसले. मग म्हणाले, "परदेशात अशा पेशंटची फुप्फुसं बदलतात. एखादा माणूस अपघातात गेला तर त्याची काढून यांना बसवतात. मिळेपर्यंत पेशंटला मशीनवर ठेवतात. अंगातलं रक्त नळीने बाहेर काढायचं, मशीन त्यात ऑक्सिजन घालतं, आणि परत अंगात सोडायचं. मशीनच फुप्फुसाचं काम करतं."

"आपल्याकडे?"

"मुंबईत कोणी कोणी विचार करतंय म्हणे. मी एक पत्र टाकून बघतो."

"म्हणजे तिचा नंबर लागला?"

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. ती समोर स्टुलावर बसली होती, पदर तोंडाला, आणि त्यांच्याकडे असं बघत होती की जसं काही ते आत्ताच खिशातून फुप्फुसं काढून देतील. ते म्हणाले, "हो. लागला असं समजा."

मी समजलो. आता त्या काळी सगळं नंबरानेच मिळायचं. गॅसला नंबर, फोनला नंबर, स्कूटरला नंबर. आमच्या गावच्या मास्तरांनी स्कूटरला नंबर लावला तेव्हा त्यांची मुलगी पाळण्यात होती, स्कूटर आली तेव्हा ती पाटी घेऊन शाळेत जात होती. पण स्कूटर आली. नंबर लागला की वस्तू येते, उशिरा येते, पण येते, हे आम्हाला पक्कं ठाऊक. मी गावात सगळ्यांना सांगितलं, मुंबईला नंबर लावलाय. मीच एकटा वेडा नव्हतो. सरपंच पण म्हणाले, चांगलं केलं भाऊ, वेळेवर लावला.

परतीच्या एसटीत ती मला विचारते, "मरेल माणूसनं काढतस?"

"हो."

"बाईनं का माणूसनं?"

"आता ते मी कसं सांगू?"

थोडा दम खाल्ला आणि म्हणते, "बिडी पेनारा व्हई तं माले बी तलप लागी ना!" समोरच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला. त्या दिवशी तिचा चेहरा इतका मोकळा होता. मी बिडी त्याच दिवशी सोडली. का सोडली ते विचारू नका, तिला देता येईल अशी काही एक गोष्ट माझ्यापाशी असावी असं वाटलं.

पौषात थंडी पडली आणि एका सकाळी ती चुलीसमोर बसल्या जागी आडवी झाली. ओठ जांभळे. ट्रकमध्येच घालून जळगावला नेली. डॉक्टरांनी घशात नळी घातली, फुगा लावला, फुग्याला मागून ऑक्सिजन जोडला, आणि माझा हात धरून त्यावर ठेवला. "असं दाबायचं. छाती वर आली की सोडायचं. मग मनात दोन आकडे मोजायचे आणि परत. जोर लावायचा नाही. वाळकी फुप्फुसं आहेत, फाटतील."

"किती वेळ?"

"माझ्याकडे श्वासाचं मशीन नाही आबा. धुळ्याला एक आहे, त्याच्यावर पेशंट आहे. रिकामं झालं की ते फोन करतील. तोपर्यंत हातच."

दवाखान्यात नर्स दोन. त्या बाकीच्या खाटा बघणार की हिला? मी सकाळपासून दाबत बसलो. दुपारपर्यंत बोटं वळेनात. नर्स पाच-दहा मिनिटं घ्यायची, परत मी. मुतायला गेलो तरी जीव तिथेच.

तिसऱ्या प्रहरी टोळी आली. ट्रक ड्रायव्हरने गावात सांगितलं होतं. नाना आमचे मुकादम, साठीचे, केळी वाहून वाहून उजवा खांदा खाली गेलेला. दाराशी उभं राहून त्यांनी फुग्याकडे आणि माझ्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाले, "उठ भाऊ. हे एकट्याचं काम नाही. पाळी लावू."

आणि पाळी लावली. शेतात घड मोजतात तसं नाना उशाशी बसून मोजायचे. पहिल्याला एक म्हणत नाहीत आमच्यात, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार, असं वीसपर्यंत. वीस झाले की केळीच्या पत्तीचा एक तुकडा मांडीखाली सारायचे. असे बारा तुकडे झाले की माणूस बदलायचा. बदलताना फुगा रिकामा राहता कामा नये, म्हणून नव्या माणसाने आधी जुन्याच्या हातावर हात ठेवायचा, दोन दाब बरोबर द्यायचे, आणि मग जुन्याने हात काढायचा. खांद्यावरचा घड दुसऱ्याच्या खांद्यावर देतो तसंच. नर्स बघत राहिली. म्हणाली, "हे कोणी शिकवलं यांना?" नाना म्हणाले, "केळीने."

काम सोडून आली होती माणसं. कोणी भाकरी खायला गेला तर चावत चावत परत यायचा. एकजण फार दणकट, त्याला सगळे रेडा म्हणायचे. त्याची पाळी आली की नाना दटावायचे, "हळू रे, ट्रकला धक्का नाही मारत आपण!" तो बिचारा घामाघूम व्हायचा, हळू दाबण्याच्या कष्टाने.

ती शुद्धीवर होती. बोलता येत नव्हतं, पण डोळे सगळं बघायचे. पदर सरकला तर बोट हलवायची, एवढे गडी समोर म्हणून. तिची मोठी बहीण धुळ्याकडून आली होती, तिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. अक्का तिचा पदर नीट करायची आणि म्हणायची, "डोया उघाड ठेव माय, आते येई फोन."

दुसऱ्या दिवशी तिने माझ्याकडे बघून बोटं वर केली. एक, दोन, तीन. मला कळेना. मग अक्काला कळलं. "नंबर इचारी ऱ्हायनी. आपले पुढे कितला शेत?"

आपल्यापुढे किती आहेत ते मला काय माहीत? पण ती बघत होती. मी दोन्ही हातांची बोटं दाखवली, दहा. तिने डोळे मिटले, म्हणजे ठीक. तिसऱ्या दिवशी परत विचारलं. मी सहा दाखवली. चौथ्या दिवशी चार. हे कोणी मला सांगितलं नव्हतं. माझ्या मनाने दाखवले. मला वाटायचं, पुढचे लोक सरकतच असतील की.

चौथ्या दिवशीच दुपारी बाराच्या सुमाराला फोन वाजला. डॉक्टर वरणगावला एका पेशंटकडे गेले होते. फोन कंपाउंडरने घेतला. बाहेर येऊन म्हणाला, "धुळ्याचं मशीन रिकामं झालं. लगेच निघायचं असेल तर हो सांगा, ते दुसऱ्या कोणासाठी ठेवणार नाहीत. गाडीत फुगा दाबत न्यावं लागेल."

अक्का उठलीच. "चाला! पिशव्या भरा!"

आणि मी विचारलं, "हिचा नंबर तिकडे जातो का?"

"कसला नंबर?"

"फुप्फुसांचा. मुंबईचा. ह्या दवाखान्यातून लावलाय."

कंपाउंडर म्हणाला, "मला काही माहीत नाही बुवा. डॉक्टरांना विचारा."

"डॉक्टर कधी येतील?"

"येतील तीन-चारपर्यंत."

नाना मोजता मोजता थांबले नाहीत, पण मान हलवून रेड्याला मोजायला सांगितलं आणि माझ्याजवळ आले. "भाऊ, विचार करून बोल. माझ्या साडूने गॅसचा नंबर यावलला लावला होता. वरणगावला कारखान्यात लागला, बिऱ्हाड हलवलं. नंबर गेला. परत शेपटापासून सुरू. चार वर्षं वाया."

दुसरा म्हणाला, "आणि हा तर जिल्हाच बदलतो."

तिसऱ्याने विचारलं, "चारवर आलाय म्हणता ना? चारवर आलेला नंबर सोडायचा?"

मी काय सांगणार, चारवर मीच आणलाय? पण त्या घडीला मला पण तो चारच वाटत होता. इतक्या वेळा बोटं दाखवली होती.

अक्का ओरडली, "तुमना नंबर-फिंबर ऱ्हाऊ द्या! मनी बहीण शे ती! हातघाईवर जीव शे आणि तुम्ही गॅसना गोष्टी करतस!"

मी म्हणालो, "अक्का, मशीन तिला दहा दिवस जगवेल. फुप्फुसं जन्मभर जगवतील. डॉक्टर येऊ द्या."

असं मी म्हणालो. शब्दाला शब्द. आणि कंपाउंडरला सांगितलं, आत्ता नको.

डॉक्टर चारला आले. कंपाउंडरने दारातच सांगितलं. ते धावत आत आले. "नाही कोण म्हणालं?"

"मी."

"का?"

"नंबर गेला असता."

"कुठला नंबर आबा?"

मी आठवण करून दिली. तुम्हीच म्हणाला होता, पत्र टाकतो, लागला समजा. डॉक्टर बाहेरच्या बाकावर बसले. हातातली पेटी मांडीवरच राहिली. म्हणाले, "असा नंबर नसतो. मी पत्र टाकलं होतं. उत्तर आलं नाही. येणार पण नव्हतं. हे आपल्याकडे अजून कोणी करत नाही."

"मग त्या दिवशी नाही म्हणायला तोंड नव्हतं?"

"त्या समोर बसल्या होत्या."

माझा हात उचलला गेला. खोटं कशाला सांगू, मारणारच होतो. तेवढ्यात आतून नानांचा आवाज आला, "भाऊ, बारा विसा झाले! तुझी पाळी!"

पाळी आली म्हणून गेलो. गड्याच्या हातावर हात ठेवला, दोन दाब दिले, त्याने हात काढला. डॉक्टर बाहेर फोनवर धुळ्याशी बोलत होते. मशीन दीडलाच दुसऱ्या पेशंटला लागलं होतं. ते आत येऊन माझ्या कानाशी म्हणाले, "मशीनवर त्यांनी आठ-दहा दिवस काढले असते, त्याच्या पुढे नाही. मनाला लावून घेऊ नका." मी त्यांच्याकडे बघितलं पण नाही. त्या दिवशी तिला बरं वाटावं म्हणून बोलले होते, आता मला. ते खरं मानायचं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ती माझ्याकडे बघत होती. गडबड झालेली तिला दिसली होती. तिने हळूच बोटं उचलली.

सांगायचं होतं मला. तोंड उघडलं पण. चौदा माणसं त्या खोलीत आणि ओसरीत, चार दिवसांची बिनआंघोळीची, केळीची कापणी सोडून आलेली, हाताला फोड आलेले. अक्का भिंतीला टेकून. आणि ती. डॉक्टरांवर मी हात उचलला होता, त्याला अजून पाव तास झाला नव्हता.

मी एक बोट दाखवलं.

नाना म्हणाले, "एकच? एकच राहिला पुढे?" आणि ओसरीत सांगायला गेले. बाहेर माणसं बोलायला लागली, कोणीतरी चहा आणायला निघालं. ती माझ्या बोटाकडे बघत राहिली, आणि मग तिने डोळे मिटले नाहीत. रोज मिटायची. या वेळी उघडेच ठेवून माझ्याकडे बघत राहिली, मी पुढचे बारा विसा दाबले तोपर्यंत.

पाचव्या दिवशी दुपारी तिची छाती एका बाजूने उचलायची बंद झाली. डॉक्टरांनी सुई घातली, हवा काढली, औषधं टोचली. तीनच्या सुमाराला रेड्याची पाळी चालू होती. डॉक्टरांनी नाडी धरली, डोळ्यांत उजेड टाकून बघितला आणि म्हणाले, थांबा. तो थांबेना. त्याला वाटलं आपल्याच जोराने फाटलं. नानांनी त्याच्या हातावर हात ठेवला, दोन दाब त्याच्याबरोबर दिले आणि त्याचा हात काढला. आणि मग स्वतःचा पण काढला. मोजणारं कोणी नव्हतं.

संध्याकाळी आमच्याच ट्रकमध्ये तिला घातली. खाली पत्ती अंथरली होती. अक्का तिच्या डोक्याशी, आम्ही सगळे बाजूला फळ्यांना टेकून. ट्रकने तापीचा पूल ओलांडला. पुलानंतर टोळीतला एकजण, त्याची आई दोन वर्षांपासून अशीच कोरडी खोकायची, तो सरकून माझ्याजवळ आला. फार अवघडून म्हणाला, "भाऊ, आज विचारू नये. पण तो वहिनीचा नंबर... एकावर आलेला. तो आता वाया जाईल ना? दुसऱ्याच्या नावावर होतो का? माझ्या आईच्या?"

बाकीचे पण माझ्याकडे बघायला लागले. वाईट कोणाला वाटलं नाही त्याच्या विचारण्याचं. मला पण नाही.

मी म्हणालो, "नंबर नव्हताच."

"म्हणजे?"

"नव्हताच. काल चारलाच कळलं मला."

ट्रक खड्ड्यातून गेला, आम्ही सगळे हललो, ती पण हलली. नाना म्हणाले, "मग काल धुळ्याला—" त्यांनी साडूची गोष्ट सांगितली होती ते त्यांना आठवलं असणार. मी म्हणालो, "नाना, नाही मी म्हणालो. तुम्ही नाही."

अक्काने पदर तोंडावर ओढून घेतला. गावापर्यंत तिने तो काढला नाही, आणि त्यानंतर ती माझ्याशी कधी बोलली नाही. तो आईवाला माणूस परत आपल्या जागेवर सरकला. उतरताना तिला खाली घ्यायला चौघं लागणार होते. हात पुढे करणाऱ्यांत तो पहिला होता.